शिकवण्याचा अधिकार आणि पात्रतेचा दाखला

दुसऱ्याच्या मुलाला शिकवण्याचा अधिकार माणसाला कोठून प्राप्त होतो, हा प्रश्न भारतीय विचारपरंपरेत फार जुना आहे आणि प्रत्येक काळाने त्याला आपापल्या परीने उत्तर दिले आहे. तो जन्मातून येतो असे कोणी मानले, कोणी गुरुपरंपरेतून, कोणी साधनेतून, तर कोणी लोकमान्यतेतून. आजच्या भारताने मात्र तो कायद्यातून येतो असे ठरवले असून त्या कायद्याचे दृश्य रूप म्हणजे पात्रतेचे प्रमाणपत्र होय. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला, म्हणजे एनसीटीईला, १९९३ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने, ज्याला सामान्यतः आरटीई म्हणतात, कलम २३ मध्ये शिक्षकाची किमान अर्हता केंद्राने नेमलेल्या शैक्षणिक प्राधिकरणाने ठरवावी असे सांगितले. आणि त्या अधिकाराने परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेद्वारे पहिली ते आठवीच्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच टीईटी, अनिवार्य केली. दीडशे बहुपर्यायी प्रश्न आणि साठ टक्के गुण असे तिचे साधारण स्वरूप असून तेलंगणात मागासवर्गीयांसाठी ही मर्यादा पन्नास टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांसाठी चाळीस टक्के आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात असे ठरवले की, ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे अशा सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी. आणि त्याबरोबर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे शिकवत आलेल्या माणसांसमोरही तोच जुना प्रश्न नव्या कठोरपणाने उभा राहिला.

हा प्रश्न केवळ सेवाशर्तींचा आहे असे समजून त्याची वासलात लावणे सोपे आहे, पण त्याच्या मुळाशी ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान कशाने होते आणि ते खरे कशावरून मानावे याचा, विचार दडलेला आहे. मूल शाळेत जे शिकते त्यातला फार मोठा भाग ते स्वतः पाहून किंवा तर्काने शोधून काढत नाही; शिक्षक सांगतो म्हणून ते मानते. पृथ्वी गोल आहे, अमुक साली अमुक घडले, या अक्षराचा उच्चार असा होतो, या सर्व गोष्टी त्याच्यासाठी आधी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबलेल्या असतात. असा विश्वास ज्याच्यावर टाकायचा त्याच्या अंगी काय असले पाहिजे, आणि ते आहे की नाही हे कोणी व कसे ठरवायचे, हा तात्त्विक प्रश्न आहे. त्याची कसोटी पाहायची तर ती पुणे किंवा हैदराबाद यांसारख्या शहरात न पाहता आदिलाबादसारख्या जिल्ह्यात पाहावी, कारण तेथे शिक्षक आणि मूल यांच्यामध्ये जे अंतर असू शकते ते उघडे दिसते.

पैनगंगेच्या दक्षिणेला वसलेला हा जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षीच्या भाषावार पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे त्याचे भाग मराठी मुलखात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ मध्ये तो तेलंगणात आला आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. बेला, जैनद, तामसी या सीमेलगतच्या मंडलांत मराठी घराघरांत बोलली जाते आणि आंध या आदिवासी समाजाची तर ती मातृभाषाच आहे; उटनूर, नारनूर, इंद्रवेल्लीच्या डोंगराळ भागात गोंडी आणि कोलामी ऐकू येतात, तांड्यांवर बंजारा समाजाची गोरबोली, शहरात तेलुगू आणि उर्दू. जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्र आहे, म्हणजे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली आदिवासींच्या संरक्षणासाठी जेथे निराळी व्यवस्था करता येते असा प्रदेश, ज्याला तेलुगू मुलखात आजही ‘एजन्सी’ असे म्हणतात.

पण या जिल्ह्यात ती कसोटी पाहण्याआधी परंपरेने दिलेली उत्तरे पाहू. शिकवणाऱ्याची पात्रता नियमाने बांधण्याचा भारतातील एक अतिशय जुना आणि प्रांजळ प्रयत्न बौद्ध विनयात सापडतो. विनयपिटक म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांचा संग्रह, आणि त्यातील महावग्गात उपाध्यायाच्या, म्हणजे नव्या भिक्षूला दीक्षा देऊन घडवणाऱ्या ज्येष्ठ भिक्षूच्या, पात्रतेचा विचार टप्प्याटप्प्याने वाढत गेलेला दिसतो. उपसेन नावाच्या भिक्षूने स्वतःची दीक्षा नुकतीच झालेली असताना शिष्य केला, तेव्हा बुद्धांनी त्याला दोष दिला आणि दहा वर्षांची ज्येष्ठता नसलेल्याने दीक्षा देऊ नये असा नियम घातला. नियम स्पष्ट होता आणि मोजता येण्याजोगा होता. पण लवकरच असे दिसून आले की दहा वर्षे पूर्ण झालेले काही अज्ञ भिक्षूही केवळ वर्षांच्या बळावर शिष्य करू लागले आणि शिष्य गुरूपेक्षा शहाणे निघू लागले. तेव्हा नियम सुधारण्यात आला आणि दहा वर्षांच्या ज्येष्ठतेबरोबर जाणतेपणा आणि समर्थता या अटी जोडल्या गेल्या.

या क्रमात आजच्या वादाचे जवळजवळ सगळे पेच आहेत. केवळ सेवेची वर्षे हा पात्रतेचा पुरावा होऊ शकत नाही, हे २०२५ च्या निकालामागचे तत्त्व विनयाने फार पूर्वी मान्य केले होते; पण त्याच वेळी विनयाने हेही मान्य केले होते की मोजता येणारी कोणतीही एक अट पुरेशी ठरत नाही आणि म्हणून नियम करणाऱ्याने आपल्या नियमाचे फळ पाहून तो पुन्हा सुधारला पाहिजे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की विनय पात्रता ठरवून थांबत नाही. उपाध्यायाने शिष्याला पुत्राप्रमाणे मानावे, त्याला उपदेश व वस्त्र-पात्र मिळेल असे पाहावे, तो आजारी पडला तर त्याची शुश्रूषा करावी, असे तपशीलवार कर्तव्य तेथे सांगितले आहे. पात्रता ही तेथे स्वतंत्रपणे मिरवण्याची वस्तू नसून शिष्याप्रती असलेल्या ऋणाची पूर्वअट आहे. आजच्या प्रमाणपत्राचा विचारही याच दिशेने व्हायला हवा, कारण शिक्षकाच्या हाती पडणारा दाखला हा खरे तर राज्याने मुलाला दिलेला शब्द आहे: ज्याच्या स्वाधीन आम्ही तुला कायद्याने सक्ती करून करत आहोत, तो तुला शिकवण्यास समर्थ आहे, असे राज्य त्या कागदावर सही करून सांगत असते. शिक्षण सक्तीचे केल्यावर हा शब्द देण्याचे टाळता येत नाही, आणि म्हणून राष्ट्रीय मानक असावे की नसावे हा वाद निरर्थक आहे. मानक असलेच पाहिजे. वाद असलाच तर त्या शब्दात काय काय सामावलेले आहे याचा आहे.

विश्वासार्ह शब्दाचे सर्वांत नेमके विश्लेषण न्यायदर्शनाने केले आहे. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्याबरोबर गौतमाच्या न्यायसूत्रांनी शब्द हे चौथे प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानले. परंतु कोणाचाही शब्द प्रमाण होत नाही, आप्ताचा होतो, आणि आप्त म्हणजे विश्वासार्ह वक्ता. भाष्यकार वात्स्यायनाने आप्ताच्या प्रामाण्याची तीन अंगे सांगितली आहेत. विषय त्याने स्वतः साक्षात जाणलेला असावा, ऐकणाऱ्या जीवांविषयी त्याच्या मनात दया असावी, आणि गोष्ट जशी आहे तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. नंतरच्या नैयायिकांनी यात करणपाटव, म्हणजे सांगण्याच्या साधनांची निर्दोष क्षमता, हेही धरले. याच भाष्यात वात्स्यायन असेही म्हणतो की आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे. ज्या समाजात ज्ञानाचा अधिकार जन्माशी जखडला जात होता त्याच समाजातला एक शास्त्रकार विश्वासार्हतेची कसोटी जन्माच्या बाहेर काढतो, ही गोष्ट लहान नाही. शिक्षकांच्या राष्ट्रीय मानकाला भारतीय परंपरेत आधार शोधायचा असेल तर तो येथे आहे.

टीईटी या तीन अंगांपैकी पहिल्याला स्पर्श करते. प्राथमिक स्तराच्या पेपरात बालविकास व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या पाच भागांवर प्रत्येकी तीस प्रश्न असतात आणि उमेदवाराला विषय किती कळला आहे याचा काही अंदाज त्यातून नक्की येतो. दया आणि सांगण्याची इच्छा बहुपर्यायी प्रश्नांतून मोजता येत नाही, हे उघड आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानके तयार करण्यास सांगितले आणि सेवेच्या टप्प्यागणिक शिक्षकाकडून काय अपेक्षित आहे ते त्यांत यावे असे म्हटले, त्यामागे ही उणीव काही अंशी भरून काढण्याचा हेतू दिसतो. परंतु न्यायशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव याहून वेगळ्या जागी आहे आणि ती वक्त्याकडे पाहून दिसतच नाही.

शब्दापासून ज्ञान होते ते केवळ वक्ता आप्त असल्यामुळे होत नाही. ऐकणाऱ्याला त्या शब्दांची शक्ती, म्हणजे कोणता शब्द कोणत्या अर्थाशी जोडलेला आहे हा संबंध, आधीच माहीत असावा लागतो; याला शक्तिग्रह म्हणतात. तो शक्तिग्रह मुलाला कसा होतो हे सांगताना शास्त्रकार वृद्धव्यवहाराचे उदाहरण देतात: एक मोठा माणूस दुसऱ्याला गाय आणायला सांगतो, दुसरा ती आणतो, शेजारी बसलेले मूल ते ऐकते व पाहते, आणि पुन्हा पुन्हा असे घडल्यावर कोणता ध्वनी कोणत्या वस्तूचा आहे हे त्याला उमगते. अर्थात मुलाची समजण्याची क्षमता ज्या घरातल्या, ज्या अंगणातल्या वडीलधाऱ्यांच्या व्यवहारातून घडली, त्याच भाषेत ती सुरुवातीला असते. नारनूरच्या डोंगरातल्या सहा वर्षांच्या मुलाचा वृद्धव्यवहार गोंडीत झाला असेल आणि त्याच्यासमोरचा शिक्षक फक्त तेलुगू जाणत असेल, तर तो शिक्षक कितीही विद्वान, कितीही दयाळू आणि कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या वाक्यातून त्या मुलाला शाब्दबोध, म्हणजे शब्दातून होणारे ज्ञान, होणार नाही. आप्तता ही अशा रीतीने वक्त्याच्या अंगी एकट्याने वसत नाही. ती वक्ता आणि श्रोता यांच्यामधल्या संबंधात वसते. ज्या दाखल्यावर शिक्षकाचे नाव आहे आणि मुलाच्या भाषेचा उल्लेख नाही, तो दाखला या संबंधाच्या एकाच टोकाची ग्वाही देतो.

आदिलाबादच्या इतिहासात या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करण्याचा एक प्रयोग झालेला आहे आणि त्याची हकिगत मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. जल, जंगल, जमीन यांसाठी लढलेला गोंड नेता कोमरम भीम १९४० मध्ये जोडेघाट येथे मारला गेला; त्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे जाणून घेण्याचे काम निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्यावर सोपवले. ते मारलावाई या गोंड खेड्यात जाऊन राहिले आणि १९४३ मध्ये तेथेच गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. सगळ्या मुलखातून जे मोजके गोंड तरुण थोडेफार लिहू-वाचू शकत होते त्यांना गोळा करून शिक्षक केले गेले आणि मुलांसाठी गोंडी भाषेतली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली, कारण त्या भागात साक्षरतेची वाट तोवर मराठीतूनच जात होती आणि ज्या थोड्यांना अक्षरओळख होती ती बाळबोध लिपीचीच होती. हैदराबाद राज्याच्या सेवेत असलेले आणि पुढे इतिहासकार म्हणून महाराष्ट्रात मान्यता पावलेले सेतुमाधवराव पगडी यांनीही याच प्रदेशात काम करताना गोंडी आणि कोलामी या भाषा आत्मसात केल्या, त्यांचा अभ्यास केला आणि आदिलाबादच्या गोंडांवर ग्रंथ लिहिला. ज्या भाषांना कचेरीत कोणी विचारत नव्हते त्या शिकणे हे आपले कर्तव्य आहे असे एका मराठी अधिकाऱ्याला वाटले, याचे स्मरण महाराष्ट्रात जितके असायला हवे तितके नाही.

मारलावाईच्या त्या पहिल्या शिक्षकांपैकी एकही आजच्या कोणत्याही पात्रता परीक्षेला बसू शकला नसता. तरीही त्यांच्या वर्गात जे घडत होते ते शब्दप्रमाण होते, कारण बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची भाषा एक होती. यावरून प्रमाणपत्र अनावश्यक ठरते असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. त्या शिक्षकांचे विषयज्ञान तोकडे होते आणि मुलाला अक्षरओळखीपलीकडे फार दूर नेण्याचे बळ त्यांच्यात नव्हते. हा एका टंचाईच्या काळातला प्रामाणिक उपाय होता आणि आदिवासी मुलाने कायमचे अर्ध्या शिक्षकावर समाधान मानावे, असे त्यातून सुचवणे म्हणजे त्या मुलाला दुय्यम नागरिक मानणे होय. मारलावाईने एवढेच सिद्ध केले की मुलाची भाषा येणारा शिक्षक घडवता येतो आणि ते घडवणे राज्याला, मनात आणले तर, अशक्य नाही. १९५६ नंतर जिल्हा तेलुगू राज्यात राहिला, शाळेची भाषा बदलली आणि गोंडी वाचनपुस्तके मागे पडली. पुढे २००४ मध्ये अविभक्त आंध्र प्रदेशाने आठ आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू केले तेव्हा गोंडी आणि कोलामीची पुस्तके पुन्हा आली, पण या वेळी तेलुगू लिपीत.

दरम्यान राज्याने एजन्सीतल्या शाळांचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवण्याचा प्रयत्न केला. बाहेरून नेमलेले शिक्षक दुर्गम गावांत टिकत नाहीत, शाळा बंद राहतात, हा अनुभव पुढे करून आंध्र प्रदेश सरकारने १० जानेवारी २००० रोजी शासन आदेश क्रमांक ३ काढला आणि अनुसूचित क्षेत्रांतील शिक्षकांची सर्व पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांसाठी राखून ठेवली. शैक्षणिक अर्हता त्याने काढून टाकली नव्हती. उमेदवार कोण असावा एवढेच मर्यादित केले होते, ही गोष्ट पुढच्या चर्चेत अनेकदा नजरेआड झाली. २२ एप्रिल २०२० रोजी चेब्रोलु लीला प्रसाद राव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा आदेश घटनाबाह्य ठरवला. पाचव्या अनुसूचीने राज्यपालांना दिलेला अधिकार मूलभूत हक्कांच्या वर नाही, शंभर टक्के आरक्षण समतेच्या तत्त्वात बसत नाही आणि १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्याने घालून दिलेली पन्नास टक्क्यांची मर्यादा येथेही लागू आहे, असे पीठाने म्हटले, आणि आदिवासींना आदिवासींनीच शिकवावे ही कल्पना तीव्र शब्दांत अमान्य केली. आधी झालेल्या नेमणुकांना त्याने अटींसह संरक्षण दिले.

तत्त्वदृष्ट्या पाहता न्यायालयाच्या निकालाचा अर्धा भाग वात्स्यायनाच्या बाजूचा आहे. विश्वासार्हता जन्माने ठरत नाही. ती ऋषीत असू शकते तशी म्लेच्छात, आणि गोंडात असू शकते तशी गोंड नसलेल्यात. जन्म हे स्वतःच एक प्रकारचे प्रमाणपत्र आहे आणि मानवी इतिहासात त्याच्याइतके घातक प्रमाणपत्र दुसरे झाले नाही. गोंड समाजाच्या स्वतःच्या धर्मव्यवस्थेतही ज्ञान सांगण्याचा अधिकार जन्माने बांधलेला आहे: कुळाच्या उत्पत्तीच्या आणि देवांच्या कथा किंगरीच्या साथीने गाणारे परधान हे वंशपरंपरेने ते काम करतात, पर्सा पेन या कुलदेवतेच्या विधीला त्यांच्यावाचून पूर्णता येत नाही, आणि तरीही ज्यांच्यासाठी ते गातात त्या गोंडांहून त्यांचे सामाजिक स्थान खालचे मानले गेले. ज्ञानाचा वाहक असूनही मान कमी, आणि मान कमी असूनही त्याच्यावाचून चालत नाही, ही अवस्था जन्माधिष्ठित अधिकाराचे सगळे गुणदोष दाखवते. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावी गोंडी लिपीतली जी जुनी हस्तलिखिते सापडली आणि ज्यांच्यामुळे २०१८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये गेली, ती परधानांनी जपलेली होती, हे येथे सांगितले पाहिजे.

पण न्यायालयाने जन्माची कसोटी बाजूला सारली तेव्हा तिच्या जागी कोणती कसोटी यावी, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. शासन आदेश क्रमांक ३ च्या मुळाशी जी गरज होती ती जन्माची नव्हतीच. शिक्षक गावात राहावा आणि मुलाला त्याचे बोलणे कळावे, ही ती गरज होती, आणि शासनाने ती जन्माच्या आडवाटेने भागवू पाहिली. ही वाट किती अपुरी आहे हे जिल्ह्यातल्या वास्तवानेच दाखवले. अनुसूचित जमात हा एकजिनसी समूह नाही: गोंडी आणि कोलामी या दोन्ही द्रविड कुळातल्या असल्या तरी परस्परांना सहज न कळणाऱ्या भाषा आहेत, आणि लंबाडांची, म्हणजे बंजारांची, बोली तर आर्य कुळातली आहे. १९७६ च्या कायद्याने तेलंगण प्रदेशातील लंबाडा अनुसूचित जमातींत आले, त्यांच्यात शिक्षणाचा प्रसार आधी झाला, आणि २०१७ मध्ये गोंड व लंबाडा यांच्यातला ताण इतका वाढला की त्याची झळ शाळांनाही लागली. प्रमाणपत्रावर ‘स्थानिक अनुसूचित जमात’ असा शिक्का असल्याने कोलामाच्या मुलाला गोंड शिक्षकाचे किंवा गोंड मुलाला लंबाडा शिक्षकाचे बोलणे आपोआप समजत नाही. जन्म आणि भाषा यांची गल्लत केल्याने येथे दोन दुर्बल समाज एकमेकांसमोर उभे राहिले, आणि जो प्रश्न प्रशिक्षणाने सुटणारा होता तो अस्मितेचा होऊन बसला.

या गल्लतीतून वाट काढणारा विचार महाराष्ट्रात फार आधी मांडला गेला होता. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत अशी मागणी केली, कारण असा शिक्षक मुलांत आणि पालकांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल आणि सोवळ्याच्या कल्पनेने स्वतःला त्यांच्यापासून दूर ठेवणार नाही. पण हा शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याला चांगला पगार असावा, असाही त्यांचा आग्रह होता. जवळीक असली म्हणजे प्रशिक्षण नको, किंवा प्रशिक्षण असले म्हणजे जवळीक नको, असा पर्याय त्यांनी ठेवलाच नाही. फुले यांच्या मागणीतला गाभा जात नव्हता, मिसळण्याची तयारी हा होता, आणि ही तयारी जाणीवपूर्वक घडवता येते, तपासता येते, तिच्यासाठी पगार देता येतो. २००० च्या आदेशाने जवळीक घेतली आणि तिला जन्माची अट लावली. २०२० च्या निकालाने जन्माची अट काढली आणि तिच्याबरोबर जवळीकही हातातून निसटली. २०१० च्या राष्ट्रीय मानकाने तर जवळीक कधी विचारातच घेतली नव्हती.

वस्तुतः कायद्याला ही जवळीक परकी नाही. १९५६ च्याच घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ हे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगते. आरटीईचे कलम २९ शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हणते. २०२० चे धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. मुलाला एवढे सगळे आश्वासन दिल्यानंतर शिक्षकाच्या पात्रतेत मात्र त्याचा मागमूस नसावा, ही विसंगती आहे. तेलंगणाच्या टीईटीत पहिल्या भाषेच्या पर्यायांमध्ये तेलुगू, उर्दू, हिंदी यांच्याबरोबर मराठीही आहे, आणि ही सोय आदिलाबादच्या मराठी मुलांच्या दृष्टीने मोलाची आहे. गोंडी आणि कोलामी यांना ती मिळालेली नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यालगतच्या, दोन्ही राज्यांनी आपली म्हटलेल्या गावांत तर महाराष्ट्राची मराठी शाळा आणि तेलंगणाची तेलुगू शाळा शेजारी शेजारी भरतात. दोन राज्यांनी दिलेले दोन वैध दाखले एकाच गावात असतात आणि गोंड घरातल्या मुलाची भाषा त्या दोन्हींत नसते. दाखल्यांची संख्या वाढल्याने आप्तता वाढत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

शिक्षकाच्या पात्रतेत मुलाच्या भाषेची अट घालण्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिला असा की राष्ट्रीय मानक म्हणजे सर्वत्र एकच माप, आणि त्यात प्रदेशागणिक भाषेची अट घातली की ते राष्ट्रीय राहत नाही. पण आप्ताचे लक्षण सर्वांना एकच आहे याचा अर्थ सर्व आप्तांनी एकाच भाषेत बोलावे असा वात्स्यायनाने काढला नव्हता. ‘शिक्षकाला त्याच्या वर्गातल्या मुलांची घरची भाषा समजली पाहिजे’ हे मानक लडाखपासून लक्षद्वीपपर्यंत एकच आहे. बदलते ती भाषा, मानक नव्हे. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: गोंडी व कोलामीची परीक्षा घेणार कोण, तिचा अभ्यासक्रम आणि परीक्षक कोठून आणणार? १९४३ मध्ये साधने जवळजवळ शून्य असताना मारलावाईत हे काम सुरू झाले होते. आज त्या भाषांत छापील पुस्तके आहेत, युनिकोडमध्ये लिपी आहे, आणि महाभारत गोंडीत आणणारे तोडसम कैलास यांच्यासारखे सरकारी शाळेतले शिक्षक खुद्द आदिलाबादेत आहेत. गोंडांच्या गुसाडी नृत्याचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या देणारे मारलावाईचे कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री देताना राष्ट्राने त्यांच्याकडे कोणतेही शिक्षकी प्रमाणपत्र मागितले नव्हते. गुरू ओळखण्याची दृष्टी राज्याकडे आहे, ती शाळेच्या दारापर्यंत नेण्याचीच निकड आहे.

तेव्हा जे करायचे ते पुरेसे स्पष्ट आहे. अनुसूचित क्षेत्रात नेमल्या जाणाऱ्या प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला, तो कोणत्याही जातीजमातीचा असो, त्या शाळेतल्या मुलांची भाषा ठरावीक मुदतीत शिकणे बंधनकारक असावे. त्या काळात त्याला पूर्ण पगार, प्रशिक्षण आणि गावात राहण्याची सोय मिळावी. त्याची परीक्षा तोंडी असावी आणि परीक्षकांत त्या भाषेचे जाणते गावकरी, परधान आणि अनुभवी आदिवासी शिक्षक बसावेत, म्हणजे ज्या समाजाचे मूल आहे त्या समाजालाही शिक्षकाच्या पात्रतेविषयी बोलण्याचा अधिकार मिळेल. ज्या आदिवासी उमेदवाराला ती भाषा जन्मतःच येते त्याला तिचे गुण मिळावेत, ते त्याच्या जमातीचे म्हणून न मिळता त्याच्या ज्ञानाचे म्हणून. अशा गुणांवर समतेच्या नावाने आक्षेप घेणे कोणत्याही न्यायालयाला अवघड जाईल. सेवेतील शिक्षकांची दोन वर्षांची मुदत २०२७ च्या सप्टेंबरात संपत आहे आणि ते सध्या बालविकासाच्या व्याख्या पाठ करण्यात गुंतले आहेत. ज्या शिक्षकाने वीस वर्षे एजन्सीत काढून गोंडी आत्मसात केली त्याच्या त्या ज्ञानाला या परीक्षेत एकही गुण नसणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे, आणि त्याच्या जागी येणाऱ्या, गोंडीचा एक शब्दही न जाणणाऱ्या नव्या उत्तीर्णाला पात्र म्हणणे हा मुलावरचा. तेलंगणाच्या शिक्षण खात्याने पुढच्या टीईटीत गोंडी आणि कोलामी यांना पहिल्या भाषेचे स्थान द्यावे, आणि महाराष्ट्राने किनवट, राजुरा व जिवती तालुक्यांतील शाळांसाठी तेच करावे.